बारा ओव्या

जात्याच्या खुंट्याला हळदीत भिजवलेलं फडकं बांधून झालं. पाच सवाष्णी जात्याभोवती बसल्या. शालूबाई मात्र उंबऱ्याशी, भिंतीला पाठ लावून बसली. नवरा गेल्यावर ती माहेरी आली त्याला बावीस वर्षं झाली, आणि तेव्हापासून जगदाळ्यांच्या घरातली प्रत्येक लग्नहळद अशीच दळली गेली होती. जात्याला हात सवाष्णींचे, ओवी शालूबाईची. तिनं त्याबद्दल कधी कुणाला बोल लावला नव्हता. पण आज तिचं लक्ष जात्याकडं नव्हतं. सोप्यातल्या टीव्हीकडं होतं, आणि टीव्ही अजून काळाच होता.

"अक्का, धरा की ओवी. बाया बसल्यात," मालन म्हणाली. मालन घरातली थोरली सून. आज तिच्या शंभूराजची हळद होती, नवरी मेढ्याकडची, उद्या वऱ्हाड तिकडं निघायचं होतं.

"किती वाजलं गं?"

"पावणेअकरा."

"मग अजून पंचवीस मिनिटं हायत नंदीला."

"मी हळदीचं इचारतीया, तुमी नंदीचं सांगताय!" मालन हसली, पण हसणं अर्ध्यातच राहिलं. "साडेअकराचा मुहूर्त हाय, अक्का. ह्यांनी सकाळपास्नं तीनदा घड्याळ दाखवलंय मला."

शालूबाईनं डोळे मिटले आणि सुरुवात केली.

*पिवळ्या गं हळदीला । घालू वैरण मुठीनं*
*माझ्या शंभूच्या लग्नाला । आली करवली उठून*

करवली कुठली उठून येतेय, तिच्या मनात आलं. करवली तर जपानात बसलीय.

नंदी म्हणजे राजनंदिनी, धाकट्या भावाची, मानसिंगची लेक. आई गेली तेव्हा चार वर्षांची होती. तिला शालूबाईनं वाढवलं, आणि पळवलं मानसिंगनं. पलूसच्या शिवेवरच्या त्यांच्या हळदीच्या रानाला चार बांध. पोरगी बांधावरून पळायची आणि शालूबाई मधल्या झाडाखाली हळकुंडं निवडत ओव्या म्हणायची. एका बांधाला एक ओवी, चार ओव्यांना एक फेरी. पोरीच्या पायांत ते असं बसलं, की पुढं कराडच्या फरीदा मॅडमनी पहिल्यांदा घड्याळ लावून बघितलं तेव्हा त्या चकितच झाल्या. मैदानाची चारशे मीटरची फेरी, आणि नंदीच्या ओठांत चार ओव्या. पंचाहत्तर सेकंद. पुन्हा पळवली, पुन्हा पंचाहत्तर.

तीच नंदी आज पाच हजार मीटर पळणार होती, बारा फेऱ्या आणि वर अर्धी. आणि तिचा बाप तिच्याशी अठरा दिवस बोलला नव्हता.

*

"या मॅडम, या. तुमच्याच कामाला टीव्ही भाईर काढलाय," भाऊसो म्हणाला. भाऊसो घरचा कर्ता, मानसिंगचा थोरला भाऊ, मालनचा नवरा. पांढरा फेटा, हातात पत्रिकांची चळत. फरीदा मुल्लांना बसायला खुर्ची दिली, सरबत दिलं, आणि मग हळूच टोचलं. "एक इचारू? राग मानू नका. हितं राष्ट्रीय स्पर्धेत ह्याच आठवड्यात हातचं सोनं हुतं. त्या सोन्यावर पोलिसातल्या जागेला अर्ज जात हुता. ते सोडून पोरगी कुठल्या गल्लीतल्या स्पर्धेला पाठवली तुमी? नाव बी कुणाला म्हाईत न्हाई त्या गावाचं."

फरीदाबाईंनी सरबताचा पेला खाली ठेवला. शाळेत खेळ शिकवण्यात तीस वर्षं गेली होती. असे प्रश्न त्यांना नवे नव्हते. 

"भाऊसाहेब, आपल्या इथं पोरी एकमेकींकडं बघत पळतात. पुढं कुणी जायला तयार नाही. दहा फेऱ्या रमतगमत आणि शेवटच्या फेरीला धूम. नंदीची धूम सगळ्यात जोरात, म्हणून सोनं तिचं. पण घड्याळात काय? सोळा मिनिटं, सव्वासोळा मिनिटं. आशियाई स्पर्धेच्या संघाला पंधरा चाळीसच्या आत पळलेली पोरगी पाहिजे. यादी परवा बंद होणार."

"मग मोठ्या स्पर्धेला धाडायची."

"मोठ्या स्पर्धेत घेत नाहीत हो. तिथं दारातच विचारतात, आधीची वेळ काय? वेळ इथं निघत नाही. म्हणून मधली ही पायरी. लहान गाव, लहान मैदान, पण शर्यत वेगाची. पुढं एक बाई मुद्दाम लावलेली असते, ठरलेल्या वेगानं पळायला. बाकीच्यांनी तिच्या मागं चिकटायचं. सात-साडेसात फेऱ्या झाल्या की ती बाजूला होते."

"आणि जिंकत न्हाई?" उंबऱ्यावरून शालूबाईनं विचारलं.

"नाही, ती जिंकायला नसतेच."

"म्हंजी वरातीतला बँडवाला. सगळ्यांच्या म्होरं, पण नवरा न्हवं."

जात्यावरच्या बाया खळखळून हसल्या. भाऊसो हसला नाही.

"आणि नंदी कितवी येईल म्हणताय?"

"आठवी. नववी. दहावीसुद्धा."

भाऊसोनं पत्रिकांची चळत एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "नववी," तो म्हणाला, जणू अनवाणी पाऊल मुरमावर पडलं. "पावण्यांना काय सांगू मी? आमची पोरगी इमानात बसून गेली आणि नववी आली?"

*

मानसिंग मांडवात होता. सकाळपासून त्यानं प्रत्येक खांबाची दोरी ओढून पाहिली होती. आता तो दुसऱ्यांदा ओढत होता. लष्करातून सुभेदार होऊन आलेला माणूस, अंगावर अजून चरबी नाही. खिशात त्याचं जुनं स्टॉपवॉच होतं, आणि ते आपल्या खिशात आहे हे त्यानं कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

"सुभेदार," फरीदाबाई मागून म्हणाल्या, "आत येणार नाही?"

"हितं कामं पडल्यात."

"ती निघाली त्या दिवशी दोन तास वाट बघत बसली होती तुमची. तुम्ही रानातून आलाच नाही."

मानसिंगनं गाठ सोडली, पुन्हा बांधली. "तुमाला वाटतंय, मला मेडल पायजे हुतं. समद्यांस्नी तसंच वाटतंय."

"मग काय होतं?"

त्यानं मान वर केली. मांडवापलीकडं हळदीचं रान मोकळं पडलं होतं. कंद काढून झाले होते, माती उलथीपालथी. सोप्यातून जात्याची घरघर आणि शालूबाईचा आवाज येत होता.

"कपाटातला कप बघितलाय तुमी?"

कुणी बघितला नव्हता? काचेच्या कपाटात, देव्हाऱ्याच्या शेजारी. परदेशात जिंकलेला, तिसरा नंबर, शहाण्णव साल. घरात येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला भाऊसो तो दाखवायचा. पोरांना हात लावायची बंदी होती.

"असलीच स्पर्धा हुती. थायलंडला. असंच म्होरं एकाला पळायला लावलेलं. त्याच्या मागं दोघं गेले. मी न्हाई गेलो. मी म्हणलं, मरू देत, दमतील. मी मागच्या घोळक्यात राहिलो आणि शेवटच्या फेरीला समद्यांस्नी मारून तिसरा आलो. कप दिला, हार घातला. आणि वेळ? चौदा एकतीस. लष्कराला चौदा दहा पायजे हुती. त्या दिवशी माझ्या पायांत ती हुती, मॅडम. मला ठाऊक हाय, हुती." त्यानं दोरी सोडली. "पुढच्या वर्षी दुसऱ्याला धाडलं. पुन्हा माझं नाव कुणी घेतलं न्हाई. घरात म्हणतात, मानसिंगनं कप आणला. मी काय सांगू?"

त्यानं दोरी पुन्हा हातात घेतली.

"नंदीला मीच शिकवलंय. पहिलं म्होरं जायाचं न्हाई, मागं राहायचं, वाट बघायची. धा वर्सं तेच घोटवलं. आता तुमी म्हणताय, पहिल्या पावलापास्नं चिकट. तिकडं इतक्या लांब गेली आणि ऐन येळेला तिच्या पायांनी माझंच ऐकलं, तर?"

"म्हणून नको म्हणालात."

"हितं ऱ्हायली असती तर माझं शिकवणं तिला लागू तरी पडलं असतं."

सोप्यातून अंकिताची हाक आली. भाऊसोची धाकटी लेक, कॉलेजात शिकणारी, तिनंच मोबाईलवरून टीव्हीला जोडून दिलं होतं. "लागलं! मॅडम, काका, लागलं!"

फरीदाबाई वळल्या. मानसिंग तिथंच उभा राहिला. पण त्याचा हात खिशात गेला.

*

तिकडं जपानात, मैदानाशेजारच्या खोलीत बारा जणी होत्या. नंदी भिंतीशी बसून बुटाच्या नाड्या तिसऱ्यांदा बांधत होती. बाहेर लहानसं मैदान, एकाच बाजूला बसायची जागा, गवतावर शाळेची पोरं टोप्या घालून ओळीनं बसलेली. मागं हिरवा डोंगर. मेढ्याच्या वाटेवर एसटीच्या खिडकीतून दिसतो तसा. शंभूदादाची सोयरीक बघायला घरचे गेले होते तेव्हा आबा, तिचे वडील, तिच्या शेजारी बसले होते. एकही शब्द न बोलता त्यांनी खिडकीतून एका चढाकडं बोट केलं होतं, आणि तिला कळलं होतं, की हा चढ पळायला चांगला आहे असं ते म्हणतायत.

आज फोन केला तर उचलतील का? फोन केव्हाच बाहेर जमा केला होता.

शेजारी बसलेली कोरियाची मुलगी तिच्याकडं बघत होती. भाषा एकीचीही दुसरीला येत नव्हती. त्या मुलीनं आपला तळहात उघडून दाखवला. त्यावर पेननं लिहिलं होतं, १५.४५. मग तिनं भुवया उंचावल्या. तुझा?

नंदीनं पेन मागून घेतलं आणि लिहिलं, १५.४०. त्या मुलीनं डोळे मोठे केले, हात हलवले, दोघी हसल्या. समोरची उंच जपानी मुलगी वाकून पाहून गेली, तिनंही हात उघडला. प्रत्येकीच्या तळहातावर एकेक आकडा होता. कप कुणालाच नको होता.

नंदीनं डावी मूठ मिटली. लहानपणी आत्ती तिच्या त्या मुठीत हळकुंड द्यायची. दाबायचं नाही, पाडायचं नाही, असं पळ. हात ताठत नाहीत त्यानं. ते हळकुंड आता बॅगेत होतं, विमानतळावरच्या अधिकाऱ्यानं उलटंसुलटं करून, वास घेऊन परत दिलेलं. पण मूठ आपोआप मिटते. मॅडमनी ती सवय मोडायचा प्रयत्न दोन वर्षं केला, मग सोडून दिला.

पहिल्या पावलापास्नं चिकट, मॅडम म्हणाल्या होत्या.

मागं ऱ्हा, वाट बघ, आबा म्हणायचे.

नावं पुकारली. बारा जणी उठल्या.

*

"ती बघा, निळा बनियन! निळा बनियन!" अंकिता ओरडली.

जातं थांबलं. बायकांनी माना वळवल्या. गोळी सुटली तशी मुलींची ओळ वळणावर जाऊन दोरीसारखी आवळली. पुढं एक उंच केनियन बाई, तीच ठरलेल्या वेगानं पळणारी. तिच्या मागं एकामागं एक. शालूबाईनं नंदीला शोधलं. सापडली. घोळक्याच्या शेवटाला.

"शेवटाला हाय की गं," मालन पुटपुटली.

"शेवटाला नाही, नववी आहे. मागं अजून तिघी आहेत," फरीदाबाई म्हणाल्या. त्यांची नजर नंदीवर नव्हती, पडद्याच्या कोपऱ्यातल्या घड्याळावर होती. पंचाहत्तर. पुढची फेरी, पंचाहत्तर. चिकटलीय. पोरगी चिकटलीय.

तिसरी गेली. चौथी गेली. दाराशी गर्दी वाढली, मांडवातले पाहुणे आत डोकावू लागले.

"कितवी हाय?"

"नववीच."

"अजून नववीच? मग सोडा की. शंभूला बाजेवर बसवा."

भाऊसोनं मनगटाकडं पाहिलं. सव्वाअकरा होऊन गेले होते. "अंकिता, बंद कर ते. हळदीच्या दिवशी सोप्यात असलं अवलक्षण नको."

"बंद करायचं न्हाई," शालूबाई म्हणाली. आवाज चढवला नव्हता तिनं, पण भाऊसो गप्प झाला. बावीस वर्षांत तिनं या घरात कशाला नाही म्हटलेलं कुणी ऐकलं नव्हतं.

सहाव्या फेरीला नंदी सुटली. पुढच्या मुलीच्या पाठीत आणि तिच्यात एक वाव, दोन हात पसरल्याएवढं, अंतर पडलं, मग दोन. फरीदाबाई खुर्चीच्या कडेला आल्या. हेच. हेच ते मागं राहणं, बापाच्या हातचं. आता ती वाट बघत बसेल शेवटच्या फेरीची, आणि शेवटच्या फेरीपर्यंत सगळं निघून गेलेलं असेल. त्यांनी दाराकडं पाहिलं. दाराच्या चौकटीला टेकून मानसिंग उभा होता. तो कधी आला ते कुणाला कळलं नव्हतं. त्याच्या उजव्या हातात स्टॉपवॉच होतं, आणि ते चालू होतं.

"चिकट," तो स्वतःशी म्हणाला. "चिकट गं बाई. माझं ऐकू नगंस."

पडद्यावर नंदीनं मान खाली घातली. अंतर दीड वाव झालं. एक झालं. वळण संपताना ती पुन्हा पुढच्या मुलीच्या सावलीत होती.

नऊ मिनिटं बावीस सेकंदाला केनियन बाई बाजूला झाली, आणि त्याच क्षणी पुढच्या पाच जणींनी वेग वाढवला. कॅमेरा त्यांच्याबरोबर गेला. नंदी पडद्यातून निसटली.

"कुठं गेली?"

"दावतील की."

नाही दाखवलं. पाच जणींचे पाय, पाच जणींचा घाम. वर कुणीतरी जपानीत भराभर बोलत होतं. पूर्ण एक फेरी अशी गेली. मग कॅमेरा वळणावर क्षणभर मागं फिरला, आणि एक निळा बनियन दिसला. वाटेवरून उतरून गवतात गेलेला. ती मुलगी वाकली, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकले. कॅमेरा पुन्हा पुढं.

सोप्यात कुणीतरी "अगं आई!" म्हणालं. मालननं पदर तोंडाला लावला. "सोडली का गं तिनं? बसली का?"

"झालं," भाऊसो म्हणाला, आणि त्याचा आवाज एकाएकी म्हातारा झाला. त्यालाही लेकच होती ती. "झालं. चला. उठा समदी."

फरीदाबाई पडद्याकडं बघत राहिल्या. निळा बनियन. तोच निळा. त्यांनी पोरीला सोनं सोडायला लावलं होतं, बापाचा अबोला सोसायला लावला होता, तेही एका गावासाठी, ज्याचं नाव इथं कुणाला उच्चारता येत नव्हतं. पडद्यातलं घड्याळ सरकत होतं आणि त्यांना आकडे वाचता येत नव्हते.

"ती न्हवं," मानसिंग म्हणाला.

सगळे वळले.

"दोन्ही हात उघडे हुते तिचे. गुडघ्यावर पंजे टेकले, बघितलं न्हाई? नंदी दमली तर डावी मूठ उघडत न्हाई. झोपंत उघडत न्हाई ती."

"मग कुठं हाय ती?" मालन.

"पळतीया."

"दिसत न्हाई की!"

मानसिंग आत आला. बायका बाजूला झाल्या. पुढच्या पाच जणींवरून नजर काढून त्यानं हातातल्या घड्याळाकडं पाहिलं. अकरा मिनिटं तीस सेकंद. अकरा चाळीस. मग तो उंबऱ्याशी, बहिणीसमोर, उकिडवा बसला. अठरा दिवसांत पहिल्यांदा त्याच्या तोंडून लेकीचं नाव निघत होतं.

"अक्का, नंदी आता समोरच्या रेघेवर येईल. तिथनं तीन फेऱ्या. बारा ओव्या." त्याचा आवाज फाटला. "मी हात केला की म्हण. रानात म्हणायचीस तशी. तशीच."

शालूबाईनं मान हलवली. मानसिंगनं हात उचलला. अकरा बावन्न. हात खाली आला.

*हळदीच्या गं रानाला । चारी बाजूंनी बांध बाई*
*माझी हरणी पळं तिथं । मातीलाबी तिची घाई*

एक बांध.

*वारा सुटला उभ्या रानी । पानं हळदीची हालती*
*माझ्या बाईच्या पावलांची । वाट कुणी गं चालती*

दुसरा. टीव्हीकडं आता कुणी बघत नव्हतं. जात्यावरच्या पाच जणी खुंट्यावर हात ठेवून तशाच बसल्या होत्या, आणि नकळत त्यांचं जातं फिरू लागलं, ओवीच्या चालीवर, ना हळू ना जोरात. शंभूराज अंगावर पंचा घेऊन दारात आला आणि उभाच राहिला. चार ओव्यांना मानसिंग घड्याळ बघे आणि मान हलवे. एक फेरी. पुन्हा चार. दोन.

शालूबाईच्या डोळ्यांपुढं मैदान नव्हतं. बांध होता, आणि बांधावरची सहा वर्षांची पोर, वेणी सुटलेली, मूठ आवळलेली. तिला एवढंच ठाऊक होतं, की आपला आवाज पळता कामा नये आणि थांबताही कामा नये. घसा बसत चालला होता.

टीव्हीवर कुणीतरी जिंकलं. फुलांचा गुच्छ दिला. जिंकलेल्या बाईच्या चेहऱ्यावर कॅमेरा थांबला तो थांबलाच. मागं कुठंतरी अजून पळणाऱ्या होत्या, त्या कुणालाच दिसत नव्हत्या.

*मूठ झाकली डाव्या हाती । त्यात हळकुंड जपलं*
*साती समिंद्रापल्याड । माझं माणूस लपलं*

बारावी संपली. मानसिंगनं घड्याळ दाबलं. पंधरा सदतीस.

"आली," तो म्हणाला.

"आली असंल," भाऊसो हळूच म्हणाला.

भाऊसोचं खरं होतं. ही शालूबाईची ओवी होती. नंदीचे पाय नव्हते.

*

निकाल यायला आठ मिनिटं लागली. साडेअकरा वाजून गेले. मालननं नवऱ्याकडं पाहिलं, नवऱ्यानं मनगटावरचं घड्याळ फेट्याच्या शेमल्याखाली झाकलं आणि दुसरीकडं बघत राहिला. अंकिता मोबाईलवर बोट खाली ओढत होती, पुन्हा ओढत होती. फरीदाबाई डोळे मिटून ओठ हलवत होत्या.

"आला! नावं आली... सातवी... आठवी... थांबा." अंकितानं मोबाईल डोळ्यांजवळ नेला. "जगदाळे राजनंदिनी. नऊ."

"वेळ वाच," मानसिंग म्हणाला.

"पंधरा... पंधरा एकोणचाळीस, पॉइंट शून्य चार."

फरीदाबाई उठल्या आणि पुन्हा बसल्या. त्यांनी ओढणी तोंडावर घेतली आणि त्यांचे खांदे हलू लागले. भाऊसो गोंधळला. "म्हंजी? नववीच आली न्हवं? मग ह्या रडत्यात का? मॅडम, गेलं का काम?"

"झालं, भाऊसाहेब. चाळीसच्या आत. झालं काम!"

"नववी येऊन?"

"व्हय दादा, नववी येऊन," मानसिंग म्हणाला.

मांडवातल्या पाहुण्यांत कुणीतरी टाळ्या वाजवल्या, दुसऱ्यानं विचारलं कशाच्या टाळ्या, तिसरा म्हणाला, वाजव गड्या, घरच्यांनी वाजवल्यात. तेवढ्यात अंकिताच्या हातातला मोबाईल थरथरला. तिनं पाहिलं आणि तो सरळ काकापुढं धरला.

मानसिंगनं तो कानाला लावला. पलीकडं धाप होती, वारा होता, कसला तरी भोंगा होता.

"आबा?"

"हं."

"आबा, मी नववी आले."

"म्हाईत हाय." तो थांबला. "सहाव्या फेरीला सुटली हुतीस."

पलीकडं धाप थांबली. "बघितलं तुमी?"

"बघितलं."

"तवा तुमचंच आठवलं, आबा. मागं ऱ्हा, वाट बघ. पाय ऐकायलाच लागले."

"मग?"

"मग म्हणलं, आबा काय आता बोलत न्हाईत, त्यांचं कशाला ऐकू?"

मानसिंगच्या तोंडून हुंदका निघाला का हसू, ते जवळच्या शालूबाईलासुद्धा सांगता आलं नसतं. "बरं केलंस," तो म्हणाला. "लय बरं केलंस. शेवटच्या फेऱ्या कशा गेल्या?"

"म्होरं कुणी नव्हतं चिकटायला. आत्तीच्या ओव्या म्हणत आले. शेवटच्या दोन चुकले, म्हणून उशीर झाला."

त्यानं मोबाईल बहिणीच्या हातात दिला. शालूबाईचा घसा पुरता बसला होता. तिनं नुसता फोन गालाला धरला आणि ऐकत राहिली.

"हळद, हळद," भाऊसो एकदम जागा झाला. "आगं, मुहूर्त गेला की! मालन, कालवली का?"

"वाटी कुठं ठेवली कुणाला ठाऊक, एवढ्या गडबडीत..."

मानसिंग देव्हाऱ्याशी गेला. काचेचं कपाट उघडताना त्याची काच नेहमीसारखी किरकिरली आणि सोप्यातली पोरं सवयीनं दचकली. त्यानं कप बाहेर काढला, सदऱ्याच्या टोकानं आतून पुसला आणि मालनपुढं धरला.

"वैनी, ह्यात कालवा."

"आवं भाऊजी, तुमचा कप! डाग पडंल त्याला. हळदीचा डाग निघत न्हाई."

"पडू द्या. शहाण्णवपास्नं मोकळाच हाय त्यो."

मालननं भाऊसोकडं पाहिलं. त्यानं फेटा सारखा केला आणि मुलाला बाजेवर बसायची खूण केली. तेव्हा तिनं जात्यावरची ताजी पूड मुठीनं कपात टाकली, वर पाणी ओतलं, आणि बोटांनी कालवायला लागली. थोडी हळद काठावरून ओघळली आणि बाहेर कोरलेल्या अक्षरांत जाऊन बसली. तिसरा क्रमांक, वर्ष, त्या शहराचं नाव, एकेक अक्षर पिवळं होत गेलं.